आत्याचं घुबड

चष्म्याच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला फ्रेमांची कपाटं, डाव्या हाताला मालकांचं टेबल आणि मागे, निळ्या पडद्याआड, एक अरुंद अंधारी खोली. खोलीत एक उंच खुर्ची. समोरच्या भिंतीवर दिव्याची पेटी आणि पेटीवर इंग्रजी अक्षरं, सगळ्यात वर हे एवढं मोठं एक, मग खाली उतरत उतरत मुंगीएवढी. या खोलीत राज्य आत्याचं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा, नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात काचा घालायच्या, काढायच्या आणि विचारायचं, "हे बरं की आधीचं बरं?" अर्ध्याहून जास्त आयुष्य तिने लोकांना हा एकच प्रश्न विचारण्यात घालवलं. तिला स्वतःला तो कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तर तिने आधीचंही बरं होतं, आत्ताचंही बरंच आहे, असं सांगून विषय मिटवला असता.

आत्या ती खरं तर फक्त भाचीची. पण भाची लहान असताना शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि आत्या, आत्या करून दुकान डोक्यावर घ्यायची. त्याची लागण सगळ्यांना झाली. मालक आत्या म्हणू लागले, काचा घासणारा कारागीर म्हणू लागला, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा म्हणू लागली. लग्न झालं नाही. का झालं नाही, याची वहिनीकडे तीन कारणं आहेत आणि दादाकडे एकही नाही. थोरला दादा, वहिनी, भाची आणि ती अशी चौघं तीन खोल्यांत राहतात. आत्याचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. पाहुणे आले की त्या पलंगाचा सोफा होतो आणि आत्याची उशी कपाटात जाते. याबद्दल तिने कधी हूं की चूं केलं नाही.

खोट काढायचीच म्हटली तर तिच्यात एक आहे. कुणी हरायला लागलं की तिला बघवत नाही. चौथ्या ओळीपाशी एखादे आजोबा अडखळले, डोळे बारीक करून पुढे झुकले, ओशाळं हसले, की हिला राहवायचं नाही आणि नकळत ओठ हलायचे. आजोबा तरबेज असत, ओठ बघून अक्षर बोलून मोकळे होत. असे दोनचार जण चुकीचा नंबर नाकावर घेऊन घरी गेले. एक गृहस्थ तर तो नवा चष्मा लावून सरळ दिव्याच्या खांबावर आदळले आणि कपाळाला टेंगूळ घेऊन दुकानात परत आले. मालकांनी तिला आत बोलावून दरवाजा लावून घेतला.

"अहो आत्या, ही परीक्षा नाही. इथे कुणाला पास करायचं नाहीये आपल्याला," ते म्हणाले. "तुमच्या दयेपायी उद्या एखादा गाडीखाली जाईल."

तेव्हापासून ती खुर्चीच्या मागे उभी राहू लागली, ओठ दिसायलाच नकोत म्हणून. उपाय ओठांवर झाला. आतल्या दयेवर चष्म्याच्या दुकानात काय औषध असणार?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती त्या पेटीसमोर बसून एक खेळ खेळायची. हा खेळ तिचा तिनेच काढलेला. पेटीवरची कुठलीही तीन अक्षरं घ्यायची आणि ती तिन्ही ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. आता हिचं इंग्रजी बेताचं. शाळेत पास होण्यापुरतं होतं, तेही पुढे गंजलं. मग शब्द आणायचे कुठून? तर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या खोक्यातून. प्रत्येक खोक्यात बाटलीभोवती एक घडीचा कागद असतो, वाळूच्या कणाएवढ्या अक्षरात छापलेला, जो छापणारा आणि आत्या सोडून जगात कुणी वाचत नाही. त्यात असे एकेक शब्द की वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागावा. प्रिस्क्रिप्शन. हायपरसेन्सिटिव्हिटी. आत्याने ते हळूहळू पाठ केले. अर्थाशी तिला कर्तव्य नव्हतं. लोक कापड घेताना पोत बघतात, रंग बघतात; ही नुसतं मापून घेणारी.

भाचीने हे एकदा पाहिलं आणि ती म्हणाली, अगं आत्या, हाच खेळ फोनवर आहे. तिने तिथल्या तिथे तो आत्याच्या फोनवर घातलाही. रोज तीन अक्षरं येतात, तुम्हाला आणि तुमच्या जोडीदाराला तीच. दोघांनी आपापला शब्द लिहायचा. दोघांचं लिहून झालं की एकमेकांचे शब्द दिसतात, आणि ज्याचा लांब त्याचा डाव. जोडीदार कोण, कुठला, हे कळत नाही. फक्त त्याचं चित्र आणि खाली बारीक आकडे दिसतात. भाचीने आत्यासाठी बदकाचं पिल्लू निवडलं. मग खेळाने जन्मसाल विचारलं. आत्याच्या सालापर्यंत पोहोचायचं तर आकडे खाली खाली सरकवत बसावं लागणार होतं आणि भाचीला बाहेर जायची घाई होती. तिने बोटाने एक गिरकी दिली. जिथे थांबलं, तिथे थांबलं. त्या हिशेबाने आत्या आठ वर्षांची निघाली.

पिल्लाच्या डोक्यावर लगेच एक लाल फुगा आला. फुगा म्हणजे हा खेळाडू लहान मूल आहे. लहान मुलांशी अनोळखी माणसांनी गप्पा मारायच्या नाहीत आणि मुलांनीही कुणाशी बोलायचं नाही, म्हणून खेळातली बोलायची खिडकी बंद. भाची खो खो हसली. "असू दे गं. तुला कुणाशी बोलायचंय?" आत्यालाही ते पटलं. खरंच, तिला कुणाशी बोलायचं होतं?

पहिले तीनचार जोडीदार आले आणि गेले. मग आलं ते घुबड.

चित्र घुबडाचं, म्हणून घुबड. बाई की बुवा, म्हातारं की तरणं, काही ठाऊक नाही. त्यामुळे घरात सगळे त्याला "ते" म्हणत आणि ते सोयीचंही पडे. दादाला तर आयतं कोलीत मिळालं. "काय, आज घुबड बोललं का?" सकाळी चहाच्या वेळी त्याचा हा ठरलेला प्रश्न. लोक घरात पोपट पाळतात, माझ्या बहिणीने घुबड पाळलंय, असं तो शेजाऱ्यांनाही सांगून आला. वहिनीला मात्र सकाळी सकाळी त्या पक्ष्याचं नाव नको वाटे.

घुबड मोठं पक्कं खेळायचं. आत्याने प्रिस्क्रिप्शन टाकावं आणि पलीकडून त्याहून एक अक्षर लांब काहीतरी यावं. कधी ही जिंकायची, कधी ते. पण घुबडाचे शब्द हिच्यासारखे कागदी नव्हते. कॅटरपिलर. ग्रासहॉपर. व्हीलबॅरो. स्वतःच्या शब्दांचे अर्थ आत्याने जन्मात पाहिले नव्हते, घुबडाच्या शब्दांचे मात्र ती भाचीच्या मागे लागून विचारून घ्यायची. सुरवंट. नाकतोडा. माती वाहायची एकचाकी गाडी. तिने त्यावरून ताडलं की घुबडाकडे बाग असणार. सकाळी ते बागेत पाणी घालत असेल, एखादा सुरवंट दिसत असेल आणि तोच शब्द सुचत असेल. माणूस समोर जे बघतो तेच खेळतो, असं तिचं मत झालं. ती स्वतः तरी दुसरं काय करत होती?

असं वर्ष सव्वा वर्ष चाललं. कुणाला सांगून पटणार नाही, पण त्या बंद खिडकीच्या खेळात आत्या सुखी होती. सकाळी उठल्यावर आपल्या शब्दाची कुणीतरी वाट पाहतं आहे, ही गोष्ट तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. ती खुर्चीमागे उभी असतानाही गालातल्या गालात हसायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं आपलं काही चुकलं.

मग दुकानात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घालायचे नवे थेंब आले. त्यांचा कागद उलगडला की हातभर लांब. आत्याची चंगळ झाली. इन्फ्लमेशन, कॉम्प्लिकेशन्स, हेमरेज, हॉस्पिटलायझेशन, इर्रिव्हर्सिबल. एकामागून एक तिने ते सगळे वापरले, डावांमागून डाव जिंकले, आणि दादाला सांगितलं की घुबडाला आता माझ्यापुढे टिकाव धरता येत नाही.

खरंच येत नव्हता. घुबडाचे शब्द बदलले. सुरवंट गेले, नाकतोडे गेले. एक दिवस आलं थर्मामीटर. दोन दिवसांनी व्हीलचेअर. त्यानंतर बँडेज. आत्याला या शब्दांचे अर्थ विचारावे लागले नाहीत. माणूस समोर बघतो तेच खेळतो. म्हणजे आता घुबडासमोर बाग नव्हती.

पुढच्या आठवड्यात बी, ई आणि डी ही अक्षरं आली. आत्याने एम्ब्रॉयडर्ड लिहिलं. घुबडाने लिहिलं, बेड. इतका पक्का खेळाडू, आणि तीन अक्षरांचा शब्द! अंगात त्राण असतं तर त्याने असं केलं असतं का? तिला ते डोळ्यांपुढे दिसू लागलं. उशीला टेकून बसलेलं, हातात फोन धरवत नाही, आणि तरी रोजचा शब्द चुकू नये म्हणून धडपडतंय. आपण तिकडे त्याच्यावर हातभर लांबीचे शब्द फेकतोय आणि जिंकलो म्हणून मिरवतोय, याची तिला लाज वाटली.

ती भाचीला म्हणाली, एवढी ती खिडकी उघडून दे, मला दोन शब्द विचारायचेत. भाचीने खटपट केली. वय एकदा टाकलं की बदलता येत नव्हतं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे आत्या स्वतः जाऊन आली. त्याने फोन उलटासुलटा केला, काही बटणं दाबली आणि परत दिला. बिघाड असता तर काढला असता, तो म्हणाला, पण आत्या, याला आत शिरायला दारच ठेवलेलं नाही. शेवटी भाचीकडून खेळाच्या कंपनीला पत्र लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, मोठं गोड उत्तर. प्रिय छोट्या दोस्ता, तुझ्या आईला किंवा बाबांना आम्हाला लिहायला सांग. आत्याचे आईबाबा जाऊन जमाना झाला होता. भाचीने ते उत्तर वाचून दाखवलं तेव्हा दादाला हसू आवरेना. आत्या मात्र गंभीरपणे विचार करत राहिली की आता कुणाला सांगावं.

बोलता येत नाही तर निदान हरता तर येतं. सी, ए, टी आली, तिला सर्टिफिकेट सहज सुचलं होतं, पण तिने कॅट लिहिलं. घुबडाने कोट लिहिला होता, सी-ओ-ए-टी. एका अक्षराने घुबड जिंकलं. आत्याला इतका आनंद झाला की तिने वहिनीच्या आधी उठून सगळ्यांचा चहा केला. मग तिने तोच नेम धरला. रोज लहानात लहान शब्द शोधायचा. सन, बस, पेन. घुबडही लहानच शब्द लिहायचं, पण तिच्यापेक्षा कधी एक अक्षर जास्त, कधी बरोबरी. दुकानात खुर्चीमागे जाऊन जे ओठ तिने आवरले होते ते इथे मोकळे सुटले. आजारी जिवाला रोज सकाळी एक विजय मिळतो, त्याने दोन घास जास्त जात असतील, असा तिचा हिशेब.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. एका सकाळी तिने फोन उघडला तर घुबडाच्या जागी कोल्हा. खाली काहीतरी लिहिलेलं होतं, शेजारी रडकं तोंड करून पिल्लू बसलेलं. तिने भाचीला उठवलं. भाचीने डोळे चोळत वाचलं आणि समजावून सांगितलं. खेळात पायऱ्या होत्या. एका पायरीवरच्यांचीच जोडी लागते. महिनाभर सारखं हरलं की खेळ तुम्हाला खालच्या पायरीवर उतरवतो, सारखं जिंकलं की वर चढवतो.

"तू खाली आलीस, आत्या. ते वर गेलं."

"मग परत कसं भेटायचं?"

"तसं भेटता येत नाही. जोडी खेळच लावतो."

करायला गेले काय आणि वर झाले पाय. आत्या पलंगाच्या काठावर बसून राहिली. ज्याला हात द्यायचा त्याचाच हात तिने आपण होऊन सोडवून घेतला होता, आणि त्यालाही ती दया समजत होती. त्या दिवशी दुकानात तिने एका बाईंच्या उजव्या डोळ्याच्या काचा डाव्या बाजूला घातल्या. मालकांनी विचारलं बरं नाही का, तर तिने मान हलवली. काय सांगणार? माझं घुबड हरवलं म्हणून? पोलिसांत वर्णन द्यायचं तर काय द्यायचं, दोन गोल डोळे आणि बागेची आवड?

दादाला तिची ती कळा बघवेना. चेष्टा करणारा माणूस, पण बहिणीवर जीव होता. जेवताना त्याने आपण होऊन विषय काढला. असा काय खेळ होता तुमचा, मला नीट सांग तरी, म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. आत्याने घुबडाचे शब्द सांगितले, सुरवंटापासून बेडपर्यंत. दादा ऐकत होता.

"आणि तू काय लिहायचीस?"

तिने आपले शब्द सांगितले. म्हणजे घडाघडा म्हणूनच दाखवले, शाळेतल्या कवितेसारखे. इन्फ्लमेशन, कॉम्प्लिकेशन्स, हेमरेज, हॉस्पिटलायझेशन, इर्रिव्हर्सिबल. दादाला त्यातलं हॉस्पिटल तेवढं कळलं. त्याने भाचीला विचारलं, बाकीच्यांचा अर्थ काय गं? भाचीचा घास हातातच राहिला. तिने एकेकाचा अर्थ सांगितला. सूज. गुंतागुंत. रक्तस्राव. दवाखान्यात भरती. आणि शेवटचा, जे कधीच बरं होत नाही ते.

वहिनीने पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी न ओतताच खाली ठेवला. मग दादा हळूच म्हणाला, "अगं, त्याला काय दिसत असेल? बदकाचं पिल्लू, डोक्यावर फुगा. म्हणजे लहान पोर. आणि रोज सकाळी हे असले शब्द."

आत्याने फोन उघडून पिल्लावरचा फुगा पाहिला.

"थर्मामीटर नि व्हीलचेअर ते स्वतःचं सांगत नसेल कदाचित," दादा म्हणाला. "तुझं विचारत असेल."

मग बाकीचं कुणी सांगायची गरजच उरली नाही, ते आत्याचं तिलाच उलगडत गेलं आणि थांबवता येईना. बेड. कोट. पक्का खेळाडू लहान लहान शब्द लिहू लागला तो थकला म्हणून, की पलीकडच्या आजारी पोराला जिंकता यावं म्हणून? जे ती करत होती तेच ते तिच्या आधीपासून करत होतं की काय? आणि त्यानंतर त्याने काय पाहिलं? पोराचे शब्दही लहान झाले. अकरा अक्षरांवरून तीनवर आले. कॅट. सन. पेन. आणि एक दिवस पिल्लू दिसेनासंच झालं.

"दादा, मी ठणठणीत आहे रे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला. याशिवाय तो तरी काय म्हणणार?

तिने जेवण टाकलं नाही, रडलीही नाही. पण त्या दिवसापासून तिच्या वागण्यात एक घाई आली. घुबड आजारी आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला. कदाचित असेलही, बागेतून खरंच खाटेवर गेलं असेल. ते कळायचा मार्ग नव्हता. पण आजारी असो की धडधाकट, ते कुठेतरी बसून एका पोराचं वाईट वाटून घेतंय, जे पोर मुळात नाहीच, हे तिला सहन होत नव्हतं. चूक आपली आणि दुःख त्याला! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ती वर चढायच्या मागे लागली. आता दयामाया नाही. कोल्ह्याला हरवलं, मांजराला हरवलं, सशाला तर रडकुंडीला आणलं. थेंबांच्या कागदातला मात्र एकही शब्द तिने वापरला नाही. भाचीच्या जुन्या पुस्तकांतून तिने दुसरे शब्द शोधून काढले आणि अर्थ विचारून, तपासून, मगच लिहिले. स्ट्रॉबेरी. प्लेग्राउंड. बर्थडे. ज्याला कुणाला दिसतील त्याला वाटावं, हे पोर खेळतंय, खातंय, बरं आहे. खालच्या पायरीवर कोल्ह्या-सशांना त्याचं काय? पण तिला तेवढंच करता येत होतं.

महिन्याभरात पिल्लू आपल्या जुन्या पायरीवर पोहोचलं, त्यानंतर वरच्याही. तिथे पोहोचल्यावर भाचीने तिला त्या पायरीवरच्या सगळ्या खेळाडूंची चित्रं उघडून दाखवली. आत्या बघतच राहिली. सगळीकडे घुबडं. खेळ सगळ्यांना तीच दहाबारा चित्रं देतो आणि शहाण्या माणसांना घुबड आवडतं, त्याला कोण काय करणार? त्यातलं तिचं कुठलं? ओळख पटवणारे ते चित्राखालचे आकडे तिने कधी बघितलेच नव्हते. कुणाची जोडी कुणाशी लागेल तेही खेळाच्या मर्जीवर. दोन घुबडांशी तिची गाठ पडली. पहिलं उर्मट निघालं. बर्थडेवर त्याने दुप्पट लांबीचा शब्द आपटला. दुसरं एक डाव खेळलं आणि परत आलंच नाही. मुदत संपल्यावर पिल्लाला हार घालून खेळाने सांगितलं, तू जिंकलीस. ते दुसरं आपलं होतं की काय, हा घोर तिला लागला तो लागलाच.

भाचीला मनातून खूप लागलं होतं. ती गिरकी तिच्या बोटाची होती. तिने शेवटी एक मार्ग काढला. आत्याचं हे खातं पुसून टाकायचं आणि खऱ्या वयाचं नवं काढायचं. मग बोलायची खिडकी उघडेल आणि आत्याला एकूणएक घुबडांना लिहून विचारता येईल. आत्याचा चेहरा क्षणभर फुलला. मग तिने विचारलं, "पिल्लू राहील?"

पिल्लू राहणार नव्हतं. एका फोनवर दोन खाती चालत नव्हती, आणि नव्या खात्याला फुगा तर नसणारच. म्हणजे एका बाजूला तोंड होतं पण ओळख नव्हती, दुसऱ्या बाजूला ओळख होती पण तोंड नव्हतं. आणि घुबड शोधत असलं तर ते काय शोधणार? डोक्यावर फुगा असलेलं पिल्लूच ना? ते एखाद्या सकाळी या पायरीवर डोकावलं आणि पिल्लू नाही, हे बघून परत गेलं तर? आत्याने फोन भाचीच्या हातातून काढून घेतला. "पुसू नकोस," ती म्हणाली.

"मग खिडकी नाही उघडणार, आत्या. तेरा वर्षांची होईपर्यंत नाही."

"तेरा झाल्यावर उघडते?"

"आपोआप उघडते. फुगाही जातो."

"मला तेरा पूर्ण कधी होतात?"

भाचीने मनातल्या मनात हिशेब केला. साठीला टेकलेल्या बाईला तेरा वर्षांची व्हायला अजून साडेतीन वर्षं होती. तिने तसं सांगितलं. दादाने एरवी यावर आठवडाभर पुरेल एवढी चेष्टा केली असती. आज त्याने तो हिशेब बोटांवर पुन्हा करून पाहिला.

आत्याने मान डोलावली. साडेतीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, ती म्हणाली, बघता बघता जातील, तोवर मी रोज सकाळी खेळत राहीन. मग ती थोडा वेळ पिल्लाकडे बघत राहिली आणि भाचीला तिने, गिऱ्हाइकाला विचारतात तितक्या मऊ आवाजात, विचारलं, "तोवर ते थांबेल का गं?"

भाचीने तिचा डबा आणून दिला. दुकानाची वेळ झाली होती. आत्याने त्या दिवशीचा शब्द लिहिला, डबा पिशवीत टाकला आणि ती निघाली.